फलाट उंच करताना मालगाडीचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

फलाट डब्याच्या तळाइतका उंच असावा, म्हणजे वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, ही मागणी रास्तच आहे. मात्र त्याच रुळांवरून मालगाड्याही धावत असतील, तर उंचीपेक्षा फलाटाच्या कडेचा प्रश्न अधिक अवघड असतो आणि चर्चेत नेमका तोच राहून जातो.

युरोपात फलाटाची प्रमाण उंची रुळांपासून ५५० किंवा ७६० मिलिमीटर आहे. अमेरिकेतील उंच फलाट सुमारे १२२० मिलिमीटरचे असतात. उंची वाढते तशी वाघिणीच्या (मालगाडीच्या डब्याच्या) बाहेर आलेल्या अवजड मालाची कडेला धडक बसण्याची शक्यता वाढते. कड मागे घेतली, तर प्रवाशाच्या पायाखालची फट रुंदावते, आणि वळणावर लांब डब्यांमुळे ती आणखी मोठी ठेवावी लागते. मालगाड्यांबरोबर रूळ वाटून घ्यावे लागणाऱ्या स्थानकांना अमेरिकेच्या २०११ च्या नियमांनी सलग उंच फलाटाऐवजी उद्वाहक, फटीवर टाकायची फळी किंवा फलाटाचा छोटासा उंच भाग असे पर्याय दिले आहेत. ही तडजोड मला पटत नाही, कारण त्या छोट्या उंच भागामुळे खुर्चीवरच्या प्रवाशाला ठरावीक दारापाशीच चढावे लागते.

त्यापेक्षा त्याच स्लीपरांवर थोड्या अंतरावर रुळांची दुसरी जोडी टाकून मालगाडीला फलाटापासून दूर सरकवणे बरे. काही ठिकाणी तसे केलेलेही आहे. त्यासाठी दोन्ही टोकांना गाडीचा रूळ बदलणारे सांधे लागतात व त्यांची देखभाल कायमची मागे लागते, तरी मालगाडी येताच मागे घेता येणाऱ्या, उघडमीट करणाऱ्या फलाटाच्या कडेपेक्षा ही व्यवस्था अधिक भरवशाची वाटते. नवे स्थानक उभारताना मात्र मुख्य मार्ग फलाटाविना मधून जाऊ द्यावा आणि फलाट बाजूच्या लूप मार्गांवर, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून पुढे पुन्हा त्यालाच मिळणाऱ्या रुळांवर, बांधावेत. न थांबता जाणाऱ्या मालगाडीच्या वाऱ्याचा झोतही मग प्रवाशांपासून दूर राहतो.

परंतु वेगवान गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी फलाटाच्याच लूपवर उभी केली, तर सारे मुसळ केरात! अशा उभ्या मालगाडीच्या दोन वाघिणींमधून वाकून पलीकडे जाणारे प्रवासी पाहिले की हे लगेच उमगते. म्हणून मालगाडीसाठी तिच्या पूर्ण लांबीची स्वतंत्र लूप हवी, आणि फलाटाचे काम सुरू होण्यापूर्वीच ती आराखड्यात दाखवलेली असावी.

आपला,
एक रेल्वेप्रवासी