‘उकलणे’ आणि ‘उकळणे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वस्तीतील एका दवाखान्याच्या भिंतीवर ‘पाणी उकलून प्यावे’ अशी सूचना महिनाभरापासून लावलेली आहे. आपल्या भागात बोलताना ‘ळ’चा कुठे ‘य’, तर कुठे ‘ल’ होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वऱ्हाडी माणसाच्या तोंडचा ‘डोया’ मला गोडच वाटतो. परंतु लेखी मराठीत ही अक्षरे एकमेकांत मिसळली, की एका चांगल्या क्रियापदाची ओळख पुसली जाते. पाणी उकळते, धमकावून पैसेही उकळले जातात. उकलते ते सूत.

हा शब्द मला शाळेच्या आधी घरच्या हातमागाने शिकवला. आजी सुताची लडी फाळक्यावर, म्हणजे सूत धरणाऱ्या फिरत्या चौकटीवर, चढवून रहाटावर कांड्या भरत असे, आणि लडीचे टोक सापडेपर्यंत रहाटाला हात लावत नसे. टोक हाती आले, की एकेक वेढा आपसूक सुटत जाई आणि ती म्हणे, ‘उकलली बघ.’ मी घाईने भलताच धागा ओढला, तर त्याच लडीचा असा गुंता होई, की दिवे लागेपर्यंत तो सोडवत बसावे लागे. ज्या क्रमाने गुंडाळले त्याच्या उलट क्रमाने, न तोडता मोकळे करणे, हा या शब्दाचा गाभा मला तिथे कळला.

समीकरणाची ‘उकल’ हा पाठ्यपुस्तकातील शब्द याच गाभ्यातून आला आहे, आणि जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७च्या सुमारास प्राचीन ब्राह्मी लिपीची उकल केली, असे आपण म्हणतो तेव्हाही एकेक अक्षर सुटे होत गेल्याचे चित्र मनात असते. हिवाळ्यात ओठ उकलतात किंवा नागपूरच्या उन्हात दाराची फळी उकलते, तिथे मात्र जुळलेले आपोआप फाकण्याचा अर्थ आहे. ‘मी शिवण उकलली’ आणि ‘शिवण उकलली’ ही दोन्ही वाक्ये शुद्धच. ‘उसवणे’ हा शब्द टाक्यांपुरता, तर ‘उलगडणे’ घडीचे किंवा गुंडाळीचे. लुगड्याची घडी उलगडते, गाठ उकलावी लागते.

असे असताना ‘खुनाची गुत्थी सुलझली’ ही हिंदीची उसनवारी शहरात सर्रास कानी पडते आणि आता छापूनही येते, याचे वाईट वाटते. ‘गुन्ह्याची उकल’ हा नेमका, सुटसुटीत प्रयोग आपल्याजवळ आहे. गुन्हेवृत्ताच्या मथळ्यांत तोच वापरावा आणि मुद्रितशोधकांनी ‘ल’ व ‘ळ’ यांतील भेद डोळ्यांत तेल घालून जपावा, ही विनंती. दवाखान्यातील सूचना शुद्ध अक्षरात लिहून मी उद्याच नेऊन देणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर