गॉगल वेगळा, अँटी-ग्लेअर वेगळं

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही दोघं चष्मे करायला जाणार आहात, म्हणून हे आधीच लिहून पाठवते. दुकानात नुसतं ‘उजेड सहन होत नाही’ म्हटलं, की समोरचा मुलगा अँटी-ग्लेअरची, म्हणजे चमक घालवणारा पातळ थर (कोटिंग) दिलेली काच पुढे करतो. पण अँटी-ग्लेअरने उजेड कमी होत नाही, उलट जरा जास्तच आत येतो. साध्या प्लास्टिकच्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही बाजू मिळून 8. कोटिंग केलं की तो एखाद्या टक्क्यावर येतो. त्यामुळे काचेत उमटणारी दिव्यांची जोडप्रतिबिंबं आणि मागच्या खिडकीची चमक जाते, आणि हा फायदा खराच आहे. उजेड कमी करायचा असेल तर मात्र टिंट, म्हणजे काचेला दिलेला रंगच लागतो.

आई, तुझी अर्धशिशी ट्यूबलाइटखाली बळावते. तुझ्यासाठी एफएल-41 नावाचा फिकट गुलाबी टिंट विचार. तो मुळात ट्यूबलाइटच्या त्रासासाठीच निघाला. निळ्या-हिरव्या पट्ट्यातला, म्हणजे साधारण 480 ते 520 नॅनोमीटरचा प्रकाश तो अडवतो. डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या पेशी उजेडाची तीव्रता मेंदूला कळवतात, त्या 480 च्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात, म्हणून नेमका हाच पट्टा. प्रत्येकीला सारखा गुण येतो असं नाही, पण घरात वापरण्याजोगा टिंट हाच. तो बहुधा मागवावा लागेल. ‘गुलाबीच ना, आमच्याकडे आहे’ म्हणून कुठलाही गुलाबी रंग दिला तर घेऊ नकोस. कोणता प्रकाश किती अडतो याचा आलेख दाखवायला सांग. स्क्रीनचा निळा प्रकाश अडवते म्हणून विकतात ती ब्लू-कट काच म्हणजे एफएल-41 नव्हे. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण ब्लू-कटने कमी होतो असं दिसलं नाही, त्यामुळे त्याचे जादा पैसे नकोत.

आणि घरात काळा गॉगल अजिबात नको. डोळे अंधाराला सरावतात, मग साधा उजेडही टोचायला लागतो आणि गॉगल सुटत नाही. त्यापेक्षा उघडी ट्यूब बंद करून शेड असलेला पिवळसर दिवा लाव. पंख्याचा वारा थेट तोंडावर घेऊ नकोस. कोरड्या डोळ्यांनाही उजेड खुपतो, आणि त्यावर काच नाही, थेंब लागतात.

बाबा, तुमचं गणित वेगळं. मोतीबिंदू सुरू झाला की प्रकाश डोळ्याच्या आतल्या भिंगातच विखुरतो, आणि त्याला बाहेरचं कोटिंग काही करू शकत नाही. म्हणून दिवसाचा आणि रात्रीचा चष्मा वेगळा करा.

दिवसासाठी नंबरचा, तपकिरी, पोलराइज्ड (परावर्तित चकाकी गाळणारा), कॅटेगरी 3 चा. कॅटेगरी म्हणजे काच किती गडद त्याचा क्रमांक. कॅटेगरी 3 मधून 8 ते 18 टक्के प्रकाश आत येतो. कॅटेगरी 4 त्याहून गडद असते, ती घालून गाडी चालवायची नसते. तपकिरी काचेत रस्त्यावरचे खड्डे जरा उठून दिसतात. रंग जसेच्या तसे हवे असतील तर करडी घ्या, निळी नको. ओल्या रस्त्यावरची आणि बॉनेटवरची तिरीप पोलराइज्ड काच मारते. पण स्कूटरचा डिजिटल मीटर किंवा मोबाईल काही कोनांतून काळा दिसेल, आणि हेल्मेटच्या व्हायझरवर रंगीत डाग दिसतील. तो काचेचा दोष नव्हे. बाजूने येणारं ऊनही तेवढंच त्रास देतं, तेव्हा कडेने झाकणारी फ्रेम बघा. काचेच्या आतल्या बाजूला अँटी-ग्लेअर करून घ्या, नाहीतर पाठीमागचं ऊन तिथे आपटून डोळ्यात येतं.

रात्रीसाठी पांढरी, म्हणजे बिनरंगी काच आणि अँटी-ग्लेअर, बस्स. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकतात ते पिवळे चष्मे रात्रीचा आधीच तोकडा उजेड आणखी कमी करतात. अँटी-ग्लेअर लावूनही समोरच्या हेडलाइटने डोळे दिपत असतील, तर नवा चष्मा शोधू नका, डॉक्टरांना ऑपरेशनचं विचारा. उन्हात आपोआप गडद होणारी फोटोक्रोमिक काच तुम्हाला फारशी उपयोगाची नाही. ती अतिनील किरणांनी गडद होते आणि गाडीची पुढची काच तेच किरण अडवते. शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात ती पूर्ण गडद होत नाही.

ऑर्डर देताना क्रम महत्त्वाचा: आधी टिंट, मग कोटिंग. कोटिंग झालेल्या तयार काचेला नंतर रंग चढत नाही. टिंटला सीआर-39 हे चष्म्याचं नेहमीचं प्लास्टिक चांगलं, पॉलीकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकवर रंग नीट बसत नाही. ‘50 टक्के टिंट’ म्हणजे किती प्रकाश अडतो की किती आत येतो, हे दुकानागणिक बदलतं. तेव्हा ‘किती टक्के प्रकाश आत येतो’ असंच विचारा आणि आकडा बिलावर लिहून घ्या. यूव्ही 400, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात, हेसुद्धा लिहून घ्या. काच गडद आहे म्हणजे अतिनील किरण अडतात असं नाही. ते अडत नसतील तर गडद काचेमागे बाहुली मोठी होऊन उलट जास्तच आत जातात.

चष्मा हातात आला की ट्यूबखाली जरा तिरका धरा. ट्यूबचं प्रतिबिंब मंद, हिरवट किंवा जांभळट दिसलं तर कोटिंग आहे. लख्ख पांढरं दिसलं तर नाही. पोलराइज्ड आहे का ते बघायला मोबाईलच्या स्क्रीनसमोर गॉगल हळूहळू फिरवा, बहुतेक स्क्रीन एका कोनात काळ्या किंवा मंद पडतात.

आई, पदराने चष्मा पुसणं बंद. सुकी धूळ घासली की कोटिंगवर चरे पडतात. नळाखाली धर, भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब लाव, मऊ सुती फडक्याने टिप. बाबा, गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका. उन्हात प्लास्टिक फुगतं, कोटिंग तेवढं फुगत नाही, आणि त्यावर बारीक जाळी पडते. ती पुसून जात नाही.

डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेडाचा त्रास एकाएकी सुरू झाला, किंवा दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून उलटी झाली, तर दुकानात नव्हे, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

जाताना जुने चष्मे आणि नंबरचे कागद बरोबर न्या. बिलाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा, पैसे देण्याआधी.

तुमची,
लेक