अख्ख्या महाराष्ट्राला एसीचा एकच तक्ता कसा चालेल?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या उन्हाळा पुरवणीत एसी कितीचा घ्यावा याचा तक्ता आला होता, 100 चौरस फुटाला 1 टन (टन म्हणजे एसीची उष्णता काढायची ताकद, वजन नाही), 150 ला दीड, त्याच्या वर 2, बास. तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि लगेच मला फोन सुरू झाले, कारण मी हेच काम करते, बिल्डिंगचा हीट लोड, म्हणजे आतून किती उष्णता काढावी लागेल ते, काढायचा आणि कुठे किती टन लागेल ते सांगायचं. तक्ता साफ चूक आहे असं मी म्हणत नाही, पण तो कुठल्या गावाचा आहे हेच त्यात नाहीये. नागपूरचा, डोंबिवलीचा की महाबळेश्वरचा?

एसीला दोन कामं असतात, हवेतली गरमी काढायची आणि हवेतलं पाणी काढायचं. मुंबईच्या बाजूला दुसरं काम फार मोठं असतं आणि लोक (दुकानदारसुद्धा) फक्त पहिलं धरून चालतात. माझ्या मावसबहिणीच्या डोंबिवलीच्या घरी 110 फुटाच्या बेडरूमला दुकानदाराने 2 टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त न करणारा) एसी गळ्यात मारला, म्हणे मोठा घेतला की लवकर गार होतं. होतं ना, पाच-सात मिनिटांत गार होतं आणि कॉम्प्रेसर बंद होतो, मग कॉइलवर (आतल्या थंड नळ्यांवर) जमलेलं पाणी खाली गळायच्या आधीच पंख्याच्या हवेने परत खोलीत उडून जातं. खोली थंड पण चादर दमट, कपाटाच्या मागे बुरशी. मी तिला ड्रेन पाइपखाली बादली ठेवायला सांगितली, तर रात्रभरात बादलीचा तळ जेमतेम ओला, आणि तोही ऐन जूनमध्ये! बरोबर मापाचा एसी त्या हवेत रात्रभरात कितीतरी लिटर पाणी काढतो. इन्व्हर्टरमध्ये हा त्रास कमी होतो कारण तो स्वतःला हळू करतो, पण हळू होण्यालाही मर्यादा असते, खूपच मोठा घेतला तर तोही चालू-बंद करत बसतो.

आता आमचं नागपूर. मे महिन्यात दुपारी 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के धरा, तर ओल्या कापडाचं तापमान, ज्याला आम्ही वेट बल्ब म्हणतो, ते 23 च्या आसपास येतं; नुसत्या पाण्याने हवा याच्या खाली गार होत नाही. चांगला डेझर्ट कूलर, ताट्या (कडेचे ओले पॅड) नवीन आणि पाणी सगळीकडे सारखं पडत असेल तर, या दोन्हींतला 80 टक्के फरक तोडतो, म्हणजे 27 अंशाची हवा मिळते आणि ती पण पंखा-पंप चालवण्याइतक्या विजेत. हाच कूलर मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत लावा, वेट बल्बच 28 च्या वर, मग हवा कितीही ओढा 29 च्या खाली येत नाही आणि वर खोलीचा हमाम होतो. म्हणून विदर्भात कूलर हा गरिबाचा एसी नाही, मे महिन्यापुरता तो जास्त शहाणा पर्याय आहे. फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, हवा बाहेर गेली नाही तर काही उपयोग नाही. आणि जे लोक एसी आणि कूलर एकाच खोलीत एकदम लावतात त्यांना तर मी हात जोडते, एक पाणी घालतोय आणि दुसरा ते काढतोय, बिल तुमचं.

पण खरी गंमत पुढे आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते आणि कूलर एकदम निकामी. मेच्या 45 अंशाच्या हिशोबाने घेतलेला मोठा एसी तेव्हा डोंबिवलीसारखाच वागतो, गार करतो पण पाणी काढत नाही. म्हणून आमच्या हवामानाला संमिश्र म्हणतात आणि म्हणून इथला हिशोब एका महिन्यावर करता येत नाही.

आता जरा तुमच्याबद्दल, रागावू नका. 30 मे 2024 ला नागपुरात 56 अंश अशी बातमी सगळीकडे झळकली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की ते सेन्सर बिघडलेलं होतं, शहरातली इतर केंद्रं 44 च्या आसपास दाखवत होती, पण तोपर्यंत मला फोन येऊन गेलेले, "ताई, 56 होऊन राहिलं बाप्पा, डायरेक्ट 2 टनाचाच लावून टाका." आमचा खरा विक्रम 23 मे 2013 चा, 47.9. आणि डिझाइन करताना आम्ही तो विक्रमसुद्धा धरत नाही. वर्षात 8,760 तास असतात, त्यातले सगळ्यात तापलेले 0.4 टक्के तास, म्हणजे जेमतेम 35, सोडून द्यायचे आणि बाकीच्यांसाठी मशीन निवडायचं, अशी पद्धत आहे. त्या 35 तासांत खोली 24 च्या ऐवजी 26 राहिली तर कोणी मरत नाही.

उलट जिथे जास्त टन खरंच लागतात ते तुमच्या तक्त्यात नाहीच. वरचा मजला! उघड्या आरसीसी स्लॅबखालच्या 12 बाय 12 च्या खोलीत मेमध्ये एकट्या छतातून दीड किलोवॅटच्या आसपास उष्णता येऊ शकते, जवळजवळ अर्धा टन, आणि तीही दुपारी नाही तर संध्याकाळी, कारण स्लॅब तापायलाच वेळ घेतो. खालच्या मजल्यावरच्या तेवढ्याच खोलीला हा भारच नाही. घरांसाठी 2018 ला आलेल्या इको निवास संहितेत (वीज वाचवणाऱ्या घरांची सरकारी नियमावली) छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते तो आकडा, 1.2 च्या आत ठेवा म्हटलंय, आपला उघडा स्लॅब त्याच्या दुपटीच्याही पुढे जातो. गच्चीला पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग किंवा नुसता चुना मारला तरी फरक पडतो, पण ते कोणी विकत नाही ना, म्हणून कोणी सांगतही नाही. पश्चिमेच्या भिंतीचंही तेच.

अजून एक, बॉक्सवर 1.5 टन लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, स्टार लेबलवरचे वॅट बघा. 1 टन म्हणजे 3,517 वॅट, म्हणजे दीड टनाचे 5,275 व्हायला पाहिजेत, पण दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मशीनच्या लेबलवर 4,800 च असतात, म्हणजे 1.36 टन. शिवाय हा आकडा बाहेर 35 अंश असतानाचा. नागपुरात बाहेरचं युनिट पश्चिमेच्या बाल्कनीत ग्रिलमध्ये कोंबलेलं असेल तर त्याला 50 ची हवा मिळते आणि क्षमता अजून उतरते. युनिट हलवायला पाइपाचे थोडे पैसे जास्त लागतील पण अर्धा टन वाढवण्यापेक्षा ते स्वस्त.

तर पुढच्या वर्षी तक्ता छापायचाच असेल तर निदान कोकण किनारा, पुणे-नाशिक आणि विदर्भ असे तीन वेगळे छापा, आणि वरचा मजला की मधला हा एक कॉलम टाका. हिशोब मी फुकट करून देते.

आपली,
एक वाचक, नागपूर

ता. क. हिवाळ्यासाठी हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा का असं पण बऱ्याच जणांनी विचारलंय. इथे 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 पर्यंत गेला होता, पण अशी थंडी वर्षाला मोजके दिवस. 2,000 वॅटचा रूम हीटर तासाला 2 युनिट खातो आणि तेवढीच ऊब देतो, हॉट अँड कोल्ड तेवढीच ऊब साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत देतो. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर घ्या, एरवी रजई बरी.