घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या पोरांसाठी थोडी जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्टी लागली की आमच्या सासवडला दोन-तीन पोरं तरी जळालेला बोर्ड पिशवीत घालून माझ्याकडे येतात, काका बघा ना काय झालंय म्हणत, आणि हल्ली तो बोर्ड बहुतेक वेळा क्लास डीचाच, म्हणजे वेगाने ऑन-ऑफ होत आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा असतो. घरचे त्यांना ओरडलेले असतात, पैसे गेले, नसते उद्योग कशाला म्हणून. म्हणून हे पत्र लिहितोय, कारण चूक दर वेळी पोराची नसते आणि ती शोधायची कशी हे त्याला मराठीत कुठेच वाचायला मिळत नाही.

जुन्या एबी टाइपच्या अ‍ॅम्प्लिफायरची एफिशियन्सी कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, बाकीची वीज हीटसिंक तापवण्यात जाते. क्लास डीमध्ये मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखे काम करणारे ट्रान्झिस्टर, एकतर पूर्ण ऑन नाहीतर पूर्ण ऑफ, तेही सेकंदाला चारेक लाख वेळा, म्हणून ९० टक्क्यांपर्यंत जाता येतं. पण प्लस आणि मायनस बाजूचे दोन्ही मॉस्फेट क्षणभर जरी एकदम ऑन झाले तरी प्लस-मायनस सप्लाय सरळ शॉर्ट, फट्ट आवाज येतो आणि सगळं संपतं.

माझंच सांगतो. आयआरएस २०९२ या ड्रायव्हर चिपवर बोर्ड बनवला, २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीसी साधारण प्लस-मायनस ३४ व्होल्ट, आणि चालू केल्या केल्या आयआरएफबी ४०१९ मॉस्फेटची जोडी उडाली. पुण्यातल्या एका दुकानातून आणली होती, घरी येऊन कापसाला थिनर लावून पुसलं तर वरचा नंबरच पुसला गेला, म्हणजे दुसराच कुठलातरी माल नवा नंबर छापून विकलेला. पोराने अशा वेळी काय करायचं, तो तर दुकानदारावर विश्वास ठेवूनच पैसे देतो ना!

दुसरी जोडी बसवताना मेनच्या लाइनमध्ये १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावला. जुने रिपेअरवाले हेच करायचे. बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला तर कपॅसिटर चार्ज झाले, सगळं ठीक, आणि तसाच लख्ख पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण मॉस्फेट बहुतेक वेळा वाचतो. माझा मंद झाला, आउटपुटवर डीसी पण अगदी किरकोळ होता, मी खूश. पण गाणं न लावताच दहा मिनिटांत आउटपुटची कॉइल एवढी तापली की बोट ठेववेना.

इथे मी चार दिवस घालवले. आधी ड्रायव्हर बदलला, मग डेडटाइमचे (एक मॉस्फेट बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतचा वेळ) रेझिस्टर बदलून तो २५ नॅनोसेकंदाचा १०५ केला, कशाचाच उपयोग नाही, आणि शेवटी लक्षात आलं की कॉइलची रिंग, जिच्यावर तार गुंडाळतात ती, मी जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली घेतली होती, ती पिवळी-पांढरी. ती रिंग एवढ्या हाय फ्रिक्वेन्सीसाठी नसतेच, गाणं नसलं तरी स्विचिंगचा करंट कॉइलमधून फिरतच असतो आणि रिंग आतून तापते. त्याच साइजची लाल रिंग आणली. पिवळीवर २२ मायक्रोहेन्रीला १५ वेढे पुरले होते, लालवर ४० घालावे लागले, पण आता कॉइल जेमतेम कोमट होते.

मग आईची तक्रार, गाणं लावलं की तिच्या रेडिओवर घरघर. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आणि माझा बोर्ड ४०० च्या आसपास, त्याची दुप्पट तिथेच येते. स्पीकरच्या तारा पिळून आखूड केल्या, बोर्ड पत्र्याच्या डब्यात घातला, तेव्हा तिला बातम्या ऐकू यायला लागल्या.

अजून एक, टीपीए ३११६ या क्लास डी चिपचे छोटे तयार बोर्ड घेणाऱ्यांसाठी. त्यात स्पीकरच्या दोन्ही तारा चालू असतात, मायनस म्हणून कुठलीच ग्राउंडला नसते. परवा आलेल्या पोराने दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र करून डब्याला जोडले होते, आवाज बंद. आणि सिग्नल बघायचा स्कोप असेल तर प्रोबचा ग्राउंड क्लिप पण तिथे लावायचा नाही.

माझी विनंती एवढीच की तुमच्या रविवारच्या पुरवणीत रिपेअरिंगला महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्या, ज्यांनी हातात सोल्डरिंग गन धरलीय अशा माणसांकडून लिहून घ्या, सिरीज बल्बपासूनच सुरू करा. आणि आईवडिलांनो, पोराने बोर्ड जाळला तर ओरडण्याआधी त्याला विचारा की मॉस्फेट कुठून आणला होता.

एक वाचक, सासवड