‘स्पीड’ वाढवण्याआधी मल्टिकास्ट तपासा

मा. संपादक,
स. न.

मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी केबल ऑपरेटरच्या आयपीटीव्हीवर (इंटरनेटच्या तंत्राने, डेटाच्या जाळ्यातून येणाऱ्या टीव्हीवर) चित्र अडकले की ग्राहक ‘स्पीड’च्या नावाने बोटे मोडतो आणि ऑपरेटर जादा बँडविड्थ विकत घेतो. बरेचदा हे पैसे पाण्यात जातात. एचडी चॅनल ८ एमबीपीएसचे (सेकंदाला ८ मेगाबिट) धरा. वसाहतीतले २०० जण तोच सामना पाहत असतील आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्रत जात असेल, तर १,६०० एमबीपीएस लागतात. वसाहतीची लाइन असते १,००० ची. मल्टिकास्टमध्ये त्याच लाइनवरून ८ एमबीपीएसची एकच प्रत जाते आणि जिथे फाटे फुटतात तिथले राउटर-स्विच पुढच्या प्रती काढतात. आपला पेपरसुद्धा छापखान्यातून गठ्ठ्यानेच निघतो!

तंत्र जुनेच आहे. स्टीव्ह डीअरिंग यांचा आरएफसी १११२ हा मल्टिकास्टचे नियम मांडणारा दस्तऐवज १९८९ चा. घोळ होतो तो बसवताना. सर्वांत छळणारा प्रकार असा: चॅनल लागते, स्वच्छ दिसते आणि सव्वाचार मिनिटांच्या आसपास गोठते. चॅनल बदलून परत आले की पुन्हा तेवढाच वेळ चालते. सेट-टॉप बॉक्स बदलून, केबल बदलून काही होत नाही. कोणत्या पोर्टवर कोणते चॅनल मागितले आहे, याची नोंद आयजीएमपी स्नूपिंगमुळे (बॉक्सचे चॅनल मागण्याचे निरोप ऐकण्याच्या सोयीमुळे) स्विच ठेवतो. पण ‘अजून कोणी बघतंय का?’ असे दर १२५ सेकंदांनी विचारणारा क्वेरिअरच नेटवर्कमध्ये नसतो. कोणी विचारत नाही, म्हणून बॉक्स सांगत नाही आणि २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. उपाय दोन मिनिटांचा आहे. चॅनल ज्या व्हीलॅनमधून (स्विचवर वेगळ्या काढलेल्या आभासी जाळ्यातून) जातात, तिच्या राउटर-इंटरफेसवर पिम (राउटरने मल्टिकास्ट पुढे नेण्याची पद्धत) चालू करा, म्हणजे राउटरच क्वेरिअरचे काम करतो. राउटर नसेल तर एका स्विचवर क्वेरिअर चालू करून त्याला आयपी पत्ता द्या.

वैतागून स्नूपिंगच बंद करण्याचा जुगाड मात्र नको. मग चालू असलेले प्रत्येक चॅनल प्रत्येक पोर्टवर सांडते. ४० चॅनलचे ३२० एमबीपीएस झाले, की १०० एमबीपीएसचे पोर्ट असलेला बॉक्स गुदमरलाच.

चॅनलना पत्ते २३९ ने सुरू होणारे द्या, पण २३९.०.०.० आणि २३९.१२८.०.० पासूनचे २५६-२५६ पत्ते टाळा. इथरनेटच्या पत्त्यात आयपीचे शेवटचे २३ बिटच उतरतात. त्यामुळे स्विचला हे पत्ते २२४.०.०.० पासूनच्या राखीव पत्त्यांसारखे दिसतात आणि अनेक स्विच ते सगळीकडे सोडतात. एन्कोडरचा (चॅनलचा स्ट्रीम तयार करणाऱ्या यंत्राचा) टीटीएलही, म्हणजे पाकिटाने किती राउटरपर्यंत जायचे ती मर्यादा, पाहा. तो १ असेल तर स्ट्रीम पहिला राउटर ओलांडत नाही. १६ पुरतो.

चॅनल झटपट बदलावे म्हणून फास्ट लीव्ह (बॉक्सने चॅनल सोडताच त्या पोर्टवर ते लगेच बंद करणे) चालू करतात. ते एका पोर्टला एकच बॉक्स असेल तिथेच. दोन असतील तर एकाने चॅनल सोडले की दुसऱ्याचेही तुटते.

हे सारे ऑपरेटरच्या स्वतःच्या जाळ्यातल्या थेट प्रक्षेपणापुरते. मोबाइल अ‍ॅपवरचा सामना सार्वजनिक इंटरनेटवरून येतो, तिथे मल्टिकास्ट चालत नाही.

आणि घरातले वाय-फाय? तिथे मल्टिकास्ट पाकिटे सर्वांत कमी दराने, बहुधा १ किंवा ६ एमबीपीएसने, पोचपावतीविना जातात. ८ एमबीपीएसचे चॅनल त्यात मावणार कसे? चित्राचे चौकोन होतात ते यामुळे. बॉक्सला वायरच ओढावी. ग्राहक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर वाय-फायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर मल्टिकास्टचे युनिकास्ट (प्रत्येकाला स्वतंत्र प्रत) करण्याची सोय असते, ती चालू करावी; घरात टीव्ही दोन-तीनच असतात, तेवढे त्याला झेपते.

– आयपीटीव्ही नेटवर्कचे काम करणारे दोन तंत्रज्ञ, नाशिक