एक शुद्धिपत्रक पाहिजे आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दोनेक वर्षांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या वाई तालुक्यातल्या जुन्या बंधाऱ्यांवर पानभर लेख आला होता. त्यात आमच्या गावच्या बंधाऱ्याचाही फोटो होता, अंक गावात हातोहात फिरला आणि स्टँडवरच्या चहावाल्याने तर तो लॅमिनेट करून लावलाय, अजून आहे. लेख चांगलाच होता, तक्रार नाही. फक्त त्यात बंधारा 1973 सालचा लिहिलाय ते चूक आहे. आणि ते चूक आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो कारण ती चूक माझी आहे.

आता हे कसं ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो. घरी बसून करायचं काय, तर नातीने मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलं आणि मग मी मराठी विकिपीडियावर लिहायला लागलो. आमच्या गावाचं पान तिथे आधीपासून होतं, पण कसं, तर अमुक हे महाराष्ट्र राज्यातील सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यातील एक गाव आहे अशी एक ओळ, आणि खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी हेडिंगं, आणि हेडिंगांखाली काहीच नाही. नवीन चाळ बांधावी, खोल्यांवर नंबर टाकावेत आणि भाडेकरूच येऊ नयेत तसं. महाराष्ट्रातल्या किती गावांची पानं अशीच आहेत ते तुम्ही स्वतः आपापल्या गावाचं नाव टाकून बघा.

मग मी त्या खोल्या भरायला घेतल्या. यात्रा, देवळं, शाळा, कुठली गाडी कुठे जाते (हे तर मला झोपेतही पाठ). आणि बंधारा. बंधाऱ्याचं साल आठवेना, पण 72 च्या दुष्काळात वडील कामावर जायचे, आई डोक्यावर भाकरी घेऊन जायची आणि मी तिच्या मागे, हे पक्कं आठवत होतं म्हणून 1973 ठोकून दिलं. संदर्भ वगैरे काही नाही. कुणी विचारलंही नाही.

पुढे ग्रामपंचायतीने बंधाऱ्याची साफसफाई काढली तेव्हा चुन्याच्या थराखाली कोनशिला निघाली. त्यावर 1979. वडील ज्या कामावर होते तो वरच्या अंगाचा नालाबांध, हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नव्हेच. सात वर्षांच्या पोराला काय कळणार.

तोवर तुमचा लेख येऊन गेला होता. तुमच्या लेखकाने 1973 कुठून घेतलं हे उघड आहे, कारण माझ्या पानातलं 'यात्रेला पंचक्रोशी लोटते' हे वाक्यसुद्धा जसंच्या तसं आलंय. त्याचा मला रागही नाही, विकिपीडियाचा मजकूर कुणीही वापरावा असाच परवाना असतो, मात्र कुठून घेतला ते लिहावं अशी अट असते आणि ती कुणी पाळत नाही. पण गंमत पुढेच आहे. मी विकिपीडियावर जाऊन 1973 चं 1979 केलं तर दहा-पंधरा मिनिटांत कुणीतरी माझा बदल उलटवला, आणि शेरा काय मारला, तर 'संदर्भ असलेली माहिती विनाकारण बदलू नये'. संदर्भ कुठला? तुमचा पेपर! मधल्या काळात कुणा भल्या माणसाने माझ्या त्या बिनसंदर्भाच्या सालापुढे तुमच्या लेखाची लिंक लावून ठेवलेली. म्हणजे माझीच थाप तुमच्याकडे जाऊन, इस्त्री होऊन, परत माझ्याच अंगावर आली.

मला वाटलं हे आपल्याकडेच असं होतं. पण नाही, 2009 च्या फेब्रुवारीत जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग नावाचे अर्थव्यवहार खात्याचे नवे मंत्री झाले, सरदार घराण्यातले, त्यांचं पूर्ण नाव आपल्या आगगाडीसारखं लांब. कुणीतरी जर्मन विकिपीडियावर त्यात विल्हेल्म असं एक नाव उगाच घुसडून दिलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या बिल्ड नावाच्या मोठ्या पेपरने पहिल्या पानावर ते छापलं, श्पीगेल साप्ताहिकाच्या वेबसाइटवरही आलं, आणि मग विकिपीडियावर कुणी शंका काढली तर पुरावा म्हणून श्पीगेलचीच लिंक दाखवली गेली. तिथे मंत्री होते म्हणून बोभाटा होऊन दुरुस्त झालं. आमच्या बंधाऱ्यासाठी कोण बोंबलणार.

तुमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना अजून वाटतं की विकिपीडिया म्हणजे कुठेतरी मोठं ऑफिस आहे आणि तिथे विद्वान पगारावर बसलेत. खरं म्हणजे आधी तसंच काहीसं करून बघितलं होतं. 2000 साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्युपीडिया म्हणून काढलं, त्यात तज्ज्ञांनी लिहायचं, दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासायचं, सात पायऱ्या होत्या म्हणे. वर्षभरात जेमतेम वीस-एकवीस लेख झाले. मग 15 जानेवारी 2001 ला बाजूला विकिपीडिया सुरू केला, कच्चं लिखाण तिथे करू म्हणून, तर कच्च्याचंच सगळं झालं आणि पक्कं बंद पडलं. आज इंग्रजीत 70 लाखांच्या वर लेख आहेत. मराठीचा 1 मे 2003 ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनी, आणि आता एक लाखाच्या आसपास गेलाय. लिहिणाऱ्या कुणालाच पगार नाही. मला नातेवाईक विचारतात की एका पानाचे किती मिळतात.

वाईकर असल्याने मला विश्वकोशाचं अप्रूप आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आमच्या तालुक्याच्या गावात, म्हणजे वाईत, ते काम उभं केलं आणि 20 खंड पुरे व्हायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. त्याच्या आधी डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले, त्यासाठी कंपनी काढून शेअर विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार गोळा केले. त्या लोकांपुढे आम्ही कोण. पण एक फरक आहे, खंड छापला की चूकही छापली जाते, इथे चूक पाच मिनिटांत सुधारता येते आणि चांगलं लिहिलेलंही पाच मिनिटांत बिघडवता येतं, म्हणून पहाऱ्याला माणसं लागतात. आणि मराठीत माणसं नाहीत. 2011 च्या जनगणनेत मराठी बोलणारे 8 कोटी 30 लाख, पण विकिपीडियाच्या चावडीवर (तिथल्या चर्चेच्या पानाला चावडीच म्हणतात) तीच पाच-सात नावं दिसतात. तमिळवाले, बंगालीवाले दीड लाखाच्या पुढे गेले. 27 फेब्रुवारीच्या आसपास कॉलेजांत कार्यशाळा होतात, पन्नास पोरं खाती उघडतात, धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) 'हाय मी अमुक' असं लिहितात, फोटो काढतात आणि पुढच्या 27 फेब्रुवारीपर्यंत रामराम. बायका तर फारच कमी, म्हणून स्वयंपाक, ओव्या, गोधड्या यांच्यावरची पानं बघा, पुरुषांनी ऐकीव लिहिलेली लगेच कळतात.

आकड्यावरून मात्र भांडू नये असं माझं मत आहे. सेबुआनो म्हणून फिलिपिन्समधली एक भाषा आहे, तिचा विकिपीडिया लेखांच्या संख्येत इंग्रजीच्या खालोखाल, 60 लाखांवर, का, तर एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्याने (बॉटला आम्ही सांगकाम्या म्हणतो, मला हा शब्द फार आवडतो) पानंच्या पानं पाडली. वाचतं कोण ते विचारू नका. आणि स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेचं तर 2020 मध्ये असं उघडकीस आलं की त्यातली वीस हजारांवर पानं एका अमेरिकन पोराने लिहिलेली, बारा वर्षांचा असल्यापासून लिहीत होता आणि त्याला ती भाषाच येत नव्हती. नुसतं इंग्रजीला स्कॉट्सचं लुगडं नेसवलेलं. पोराची नियत वाईट नव्हती, पण वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही कारण लक्षात यायला वाचणारे पाहिजेत ना. आता एआय आलंय, मराठीतही तसली गुळगुळीत पानं यायला लागलीत, वाचताना सगळं बरोबर वाटतं आणि शेवटी हातात काही लागत नाही. आणि ते एआय शिकतं कशावर, तर विकिपीडियावरही. उद्या त्याला आमच्या बंधाऱ्याचं साल विचारा, 1973 सांगेल.

2025 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी पानावरून केवढं वादळ झालं, मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं, सायबर पोलिसांनी नोटीस काढली. तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे मलाच धरून विचारायचे, तुमच्या त्या विकिपीडियाचं ऑफिस कुठाय, मालक कोण. राग येणं मी समजू शकतो. पण त्यातल्या किती जणांनी त्या पानाची चर्चा उघडून एखाद्या चांगल्या पुस्तकाचा पान नंबर टाकला? आपल्याकडे इतिहासाची पुस्तकं काय कमी आहेत का.

बरं, संदर्भावरून आता मूळ मुद्दा, आणि तो तुमच्याशी आहे. विकिपीडियावर स्वतःच्या मनाचं चालत नाही, छापील किंवा भरवशाच्या ठिकाणचा आधार लागतो, नाहीतर 'संदर्भ हवा' अशी पाटी लागते आणि कधी कधी 'पानकाढा' लागून पानच जातं. इंग्रजीवाल्यांना शंभर-दीडशे वर्षांचे पेपर घरबसल्या शोधता येतात. आमच्या गावाकडच्या गोष्टी, म्हणजे तालुक्याचा लेखक, कुस्तीतला पैलवान, तमाशाचा फड, साखर कारखान्याची निवडणूक, यांच्यावर पुस्तकं कुणी लिहीत नाही, त्यांचा पुरावा म्हणजे तुमच्यासारखे मराठी पेपर, दुसरा नाहीच. आणि मराठी पेपरांची तऱ्हा काय, तर आधी प्रत्येकाचा आपापला फॉन्ट, तो कॉम्प्युटरवर नसला की नुसती खडी दिसायची, सर्च तर विसराच. मग युनिकोड आलं, चांगलं झालं, पण वेबसाइटचा रंग बदलला की जुन्या लिंका मेल्या. ई-पेपर म्हणजे फोटो, त्यात शोधता येत नाही आणि थोड्या दिवसांनी तोही गायब. मी मागे आमच्या भागातल्या एका दिवंगत शाहिरांचं पान केलं, सहा संदर्भ लावले होते, परवा बघितलं तर चार लिंकांवर तुमच्या त्या दिवसाच्या ताज्या बातम्या उघडतात. आता शाहिरांच्या पानावर उल्लेखनीयता सिद्ध करा अशी पाटी लागलीय. तो माणूस कोण होता हे अख्ख्या तालुक्याला माहिती आहे, पण तालुका काही संदर्भात घालता येत नाही.

शेजारी गोव्यात बघा, गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये आपला कोंकणी विश्वकोश मोकळ्या परवान्याखाली देऊन टाकला, कुणीही घ्या आणि विकिपीडियावर वापरा म्हणून. कोंकणी केवढी आणि मराठी केवढी. तुम्ही सगळे अंक फुकट द्या असं मी म्हणत नाही, धंदा आहे, कागदाचे भाव मलाही माहिती आहेत. पण बातमीची लिंक कायम एकच ठेवा, वर तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव द्या, आणि वेबसाइट बदलताना जुनी पानं फेकून देऊ नका, एवढं केलंत तरी आमची निम्मी कटकट वाचेल. आणि तुमच्या पोरांना सांगा, विकिपीडियावरून उचललंत तर तसं लिहा आणि खालचे संदर्भ एकदा बघा. संदर्भ नसेल तर फोन करा, कुठल्याही गावात माझ्यासारखा एखादा रिकामा माणूस असतोच.

तर बंधाऱ्याचं पुढे काय झालं. कोनशिलेचा फोटो काढून मी चर्चा पानावर टाकला, दोन आठवडे वादावादी झाली. एकजण म्हणाला कोनशिला उद्घाटनाची असेल, बांधकाम आधीचं असेल. एकजण म्हणाला फोटो म्हणजे मूळ संशोधन (आधी कुठे छापून न आलेलं, स्वतःच शोधलेलं), ते चालत नाही. मी म्हटलं अहो 1973 मीच लिहिलंय, पानाच्या बदलांच्या इतिहासात जाऊन माझं नाव बघा, तर उत्तर आलं की सदस्याची आठवण हा संदर्भ होऊ शकत नाही. आणि हे नियमाने बरोबरच आहे, मी दुसऱ्यांना तेच सांगत आलोय! शेवटी एका प्रचालकांनी (विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या सदस्यांपैकी एकाने) मध्यस्थी केली आणि आता पानावर 'बंधारा 1973 (काही स्रोतांनुसार 1979) मध्ये बांधण्यात आला' असं वाक्य आहे. चहावाला मला बघितलं की विचारतो, काका आज कुठल्या सालात.

म्हणून विनंती अशी की तुम्ही एक दोन ओळींचं शुद्धिपत्रक छापावं. कोनशिलेचा फोटो सोबत जोडलाय, वाटलं तर वार्ताहर पाठवा, चहा माझ्याकडून. पण कागदावर छापून थांबू नका, वेबसाइटवरही टाका, तारीख घालून, आणि लिंक मरणार नाही असं बघा. या पत्राला जागा दिलीत तर आनंदच आहे, पण शुद्धिपत्रक वेगळं पाहिजे, कारण वाचकांची पत्रं आमच्याकडे संदर्भ म्हणून धरत नाहीत.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त एसटी कर्मचारी,
ता. वाई, जि. सातारा