उचलेगिरी चित्र काढण्यात नाही, सही कापण्यात आहे

महोदय,

आवडत्या गोष्टींतली पात्रं घेऊन चित्रं काढणारी आणि ती समाजमाध्यमांवर टाकणारी मुलं उचलेगिरी करतात, असं एका वाचकाने गेल्या रविवारच्या अंकात लिहिलं आहे. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. ते पत्र वाचून राहवलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी भा. रा. भागवतांच्या किशोरकथांतला फास्टर फेणे मी वाचून दाखवला, आणि तिने तिच्या मुलीला. ही भाची आता कॉलेजात आहे. फेणे पुण्याच्या विद्या भवन शाळेत आलाच नसता, आपल्या गावी फुरसुंगीतच राहिला असता तर, अशी कल्पना करून तिने दिवाळीच्या सुट्टीत एक चित्र केलं. उसाच्या बांधावरून सायकल, हँडलला दुधाची किटली, गुडघे पार छातीशी आलेले. सायकल काढणं फार अवघड. चिमटा कुठे बसतो, चेन कुठल्या चाकाला लागते, इथे भलेभले चुकतात. पोरगी शेजारच्या काकांची जुनी सायकल समोर ठेवून दुपारभर जिन्याखाली बसली होती. पुढच्या चाकाला 32 आरे, मागच्याला 40, हे तिने मोजून काढलं. इतकी वर्षं सायकल काढायला शिकवली, पण मी ते कधी मोजलं नव्हतं.

चित्राखाली तिने लिहिलं होतं, ‘पात्र : भा. रा. भागवत’. उजव्या कोपऱ्यात स्वतःची बारीकशी सही. मित्रमैत्रिणींना चित्र खूप आवडलं. फेणे तोंडाने काढतो तो ‘ट्टॉक्’ आवाज त्याने सायकलचं स्टँड पाडतानाच्या आवाजावरून उचलला असणार, असा तर्क एकाने लढवला आणि त्यावर दोन दिवस वाद रंगला. आठवड्याने तेच चित्र एका मोठ्या पेजवर दिसलं. खालची पट्टी कापलेली, सही गेलेली, भागवतांचं नावही गेलेलं, आणि मधोमध त्या पेजचा शिक्का. भाचीने अदबीने कळवलं. उत्तर आलं नाही, उलट तिलाच ब्लॉक केलं.

आता उचलेगिरी कुणाची, ते पत्रलेखकांनी सांगावं.

‘असं झालं असतं तर’ हा खेळ या मुलांनी शोधलेला नाही. माझी आजी जात्यावर सीतेच्या सासुरवासाच्या ओव्या म्हणायची. त्यातली कैकयी गावातल्या कुठल्याही खाष्ट सासूसारखी वागायची. हे काही वाल्मीकींनी लिहिलेलं नाही, दळणाऱ्या बायांनी आपल्या जिवाचं त्यात घातलं. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून जाते आणि 1761 चा सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. खुद्द फेणेचंही तेच झालं. 2017 च्या चित्रपटात तो मोबाइलच्या काळात वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात आला, आणि दिलीप प्रभावळकर त्यात चक्क भा. रा. भागवत झाले होते. लेखक आणि त्याचं पात्र एकाच पुण्यात! ते आपण कौतुकाने पाहिलं. मग पोरांनी घरी बसून तसंच काही केलं की ते वाया गेलेले धंदे कसे?

पैशाचा मुद्दा वेगळा आहे, आणि तिथे मी पत्रलेखकांच्या बाजूची आहे. आपल्या कायद्यात साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. भागवत 2001 मध्ये गेले. त्यांच्या फेणेचे टी-शर्ट छापून विकायचे असतील, तर रीतसर परवानगी घ्यायलाच हवी. भाचीलाही मी हे बजावलं आहे. तिने आजवर एक पैसा घेतलेला नाही.

माझी विनंती पेज चालवणाऱ्यांना आहे, आणि तुमच्या पुरवणीलाही. वाचकांनी पाठवलेली चित्रं तुम्ही छापता, तेव्हा खाली कधीकधी नुसतं ‘इंटरनेटवरून साभार’ असतं. साभार कुणाचे? ते चित्र कुणीतरी हाताने काढलेलं असतं. नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. सापडलंच नाही, तर चित्र छापू नये.

महिनाभर भाचीने काही टाकलं नाही. मागच्या आठवड्यात नवं चित्र आलं, तीच सायकल, या वेळी पावसात. सही कुठे दिसेना म्हणून मी मोठं करून पाहिलं. मागच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये, बरोबर मधोमध आहे.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, मिरज